मातीचा जमाखर्च



घरात जमाखर्च असतो. किती आले, किती गेले, शिल्लक काय राहिले, हे आपण पाहतो. लिहिता येत नव्हते तेव्हाही आपण तो ठेवत होतो. दुधाच्या रतिबाच्या रेघा भिंतीवर ओढत होतो. आता तर आपल्याला आकडे लिहिता येतात.

जमिनीचाही असा जमाखर्च असतो. तो कसा असतो, आणि शास्त्रज्ञ तो कसा मांडतात, हे या धड्यात पाहू.

ढेकळात काय असते?

शेतातले एक ढेकूळ हातात घ्या. ते फोडा. आत काय दिसते?

पहिली गोष्ट, खडकाचा भुगा. आपल्या देशावरची काळी माती काळ्या खडकापासून झाली. ऊन, पाऊस आणि वारा यांनी खडक फुटला. त्याचा मुरूम झाला. मुरमाची माती झाली. यात जाड कण असतात, ते रव्यासारखे लागतात. ती वाळू. मधले कण पिठासारखे. तो पोयटा. सर्वांत बारीक कण मैद्याहूनही बारीक असतात. ती चिकणमाती. काळ्या जमिनीत चिकणमाती फार असते. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

दुसरी गोष्ट, पाणी. तिसरी, हवा. चांगल्या ढेकळाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. त्या बारीक पोकळीत कुठे पाणी असते, कुठे हवा असते. मुळांना दोन्ही लागतात.

चौथी गोष्ट, कुजके द्रव्य. पाला, धसकटे, मुळे, शेण हे सर्व कुजून काळे होते आणि मातीत मिसळते. ते वजनाने फार थोडे असते. पण भाजीत मीठ किती असते? थोडेच. ते नसेल तर भाजी कशी लागते, हे सांगायला नको.

पाचवी गोष्ट जिवंत आहे. गांडूळ, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. चिमूटभर चांगल्या मातीत हे जिवाणू कोट्यवधी असतात. विरजणातले जीव दिसत नाहीत, पण रात्रीतून दुधाचे दही करतात. तसेच हे जीव पाल्याचे खत करतात.

माती काय काम करते?

माती झाडाला आधार देते, एवढेच पुष्कळांना वाटते. तिची कामे त्याहून जास्त आहेत. ती पावसाचे पाणी साठवते. ती पिकाला अन्न पुरवते. मेलेले सर्व ती कुजवते आणि त्याचे पुन्हा अन्न करते. ज्या दिवशी ही कामे थांबतील, त्या दिवशी शेत हे नुसते मोकळे मैदान होईल.

ही कामे जमिनीच्या आत चालतात. आपल्याला ती दिसत नाहीत. मग ती मोजायची कशी?

पोळ्याचा मातीचा बैल

पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. तो बैल नांगर ओढत नाही, वैरण खात नाही. तरी शिंगे कुठे, वशिंड कुठे, हे त्याच्यावरून पोराला कळते. खऱ्या बैलातले जे दाखवायचे, तेवढेच आपण त्यात घेतो. बाकीचे सोडून देतो.

शास्त्रज्ञही जमिनीची अशी एक लहान प्रतिकृती करतात. ती मातीची नसते, आकड्यांची असते. तिला ते मॉडेल म्हणतात. आपण तिला हिशेब म्हणू. आज असे हिशेब संगणकावर करतात. पण त्यातली रीत आपल्या जमाखर्चाचीच आहे. असे तीन हिशेब आपण पाहू.

पहिला हिशेब: पाण्याचा

एक रांजण डोळ्यांपुढे आणा. त्याला मधोमध एक भोक आहे. रांजण भरला तर भोकाच्या वरचे पाणी गळून जाईल. भोकाखालचे राहील. तळाशी थोडे पाणी असे असेल, की जिथे तांब्या पोचत नाही.

जमीन अशीच आहे. मोठा पाऊस झाला की सारी पोकळी पाण्याने भरते. मग जादा पाणी निथळते, हवा आत येते, आणि आपण म्हणतो, "वापसा आला." वापसा म्हणजे रांजणाचे ते भोक. त्याखालचे पाणी पीक पिते. शेवटी थोडे पाणी मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटून राहते, की मुळांना ते ओढता येत नाही. तेव्हा पीक माना टाकते.

शास्त्रज्ञ हेच आकड्यांत लिहितात. पाऊस ही जमा. पिकाने प्यालेले, उन्हाने उडालेले आणि वाहून गेलेले पाणी हा खर्च. समजा, भोक ते तळ यांत १०० मिलिमीटर पाणी मावते. पीक रोज ५ मिलिमीटर घेते. तर पावसाने ओढ दिली तरी पीक सुमारे २० दिवस निभावेल. हलक्या मुरमाड रानात समजा ३० मिलिमीटरच मावते. तिथे सहा दिवसांत तोंडचे पाणी पळेल. पाऊस दोघांना सारखाच झाला, पण रांजण लहानमोठे होते. सोलापूरकडचा शाळू पाऊस संपल्यावर पिकतो, तो खोल काळ्या जमिनीतल्या या साठ्यावरच.

एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. मातीत कुजके द्रव्य असेल तर ढेकूळ पोकळ राहते आणि पाणी आत शिरते. ते नसेल तर वरची माती दाबून बसते आणि पाणी वरून निघून जाते. म्हणजे पहिला हिशेब आपल्याला दुसऱ्या हिशेबाकडे नेतो.

दुसरा हिशेब: कुजक्या द्रव्याचा

हा हिशेब समजायला आपण इंग्लंडात जाऊ. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन नावाचे गाव आहे. तिथे रॉथॅमस्टेड हे शेतीसंशोधनाचे जुने ठिकाण आहे. १८४३ साली जॉन लॉज या जमीनदाराने आणि जोसेफ गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाने तिथे एक प्रयोग सुरू केला. एका शेताचे पट्टे पाडले. एकाला काहीच द्यायचे नाही. एकाला दरवर्षी शेणखत. बाकीच्यांना निरनिराळी रासायनिक खते. आणि सर्वांत गहू.

तो प्रयोग आजही चालू आहे. पुरेसे रासायनिक खत मिळाले, तिथेही गहू चांगला पिकला, हे सांगितले पाहिजे. पण शेणखताच्या पट्ट्यात कुजके द्रव्य जसे वाढले, तसे त्या पट्ट्यांत वाढले नाही. काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या मानाने शेणखताच्या पट्ट्यात ते आज दुपटीहून जास्त आहे.

जवळच्याच दुसऱ्या शेतात जव पेरत. तिथल्या एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले. मग देणे बंद केले. आता जरा थांबून विचार करा. ते खत मातीत किती वर्षे दिसावे? पाच? दहा? शंभर वर्षांनी माती तपासली, तरी त्या पट्ट्यात कुजके द्रव्य शेजारच्या बिनखताच्या पट्ट्याहून जास्तच निघाले. पणजोबांनी टाकलेले खत पणतूच्या मातीत सापडले.

हे कसे झाले? रॉथॅमस्टेडच्या जेंकिन्सन आणि रेनर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली याचा हिशेब मांडला. पुढे त्यात सुधारणा झाल्या. हा हिशेब ते कर्बाचा करतात. कोळशात असतो तोच कर्ब. पाल्यात, शेणात, लाकडात, सर्वांत तो असतो.

मातीतला कर्ब ते पाच ढिगांत वाटतात.

पहिला ढीग लवकर कुजणाऱ्याचा. कोवळा पाला यात येतो. दुसरा उशिरा कुजणाऱ्याचा. त्यात काड्या आणि धसकटे. तिसरा ढीग जिवाणूंच्या स्वतःच्या शरीराचा. चौथा ढीग पक्क्या काळ्या द्रव्याचा, त्याला ह्यूमस म्हणतात. पाचवा अगदी लहान, तो बदलतच नाही असे धरतात.

जीव पहिला आणि दुसरा ढीग खातात. खाल्लेल्या कर्बातला बराचसा वायू होऊन हवेत जातो. उरलेला तिसऱ्या आणि चौथ्या ढिगात जमा होतो. माती जितकी चिकण, तितका शिल्लक भाग जास्त.

तिथल्या थंड हवेत पहिला ढीग सुमारे २५ दिवसांत निम्मा होतो. दुसरा सव्वादोन वर्षांत. तिसरा सुमारे एका वर्षात. आणि चौथ्याला निम्मे व्हायला सुमारे ३५ वर्षे लागतात. पहिला ढीग म्हणजे खिशातले सुटे पैसे. चौथा ढीग म्हणजे वाडवडिलांची ठेव. जवाच्या शेतात शंभर वर्षांनी जे सापडले, ते या ठेवीतले होते.

आपल्याकडे कसे?

कोणी म्हणेल, "मास्तर, ती थंड हवेची गोष्ट. आपल्या उन्हात काय होतं?"

प्रश्न बरोबर आहे. तो शास्त्रज्ञांनाही पडला. आपण जनावराच्या कानाला बिल्ला मारतो, तशी त्यांनी गवतातल्या कर्बाला खूण केली. त्या खुणेवरून कोणता कर्ब नव्या गवताचा आणि कोणता जुना, हे ओळखता येते. ते गवत इंग्लंडच्या मातीत पुरले. वर्षाच्या शेवटी त्यातला सुमारे एक तृतीयांश कर्ब मातीत उरला. तसेच गवत आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात, इबादान येथे पुरले. तिथली हवा वर्षभर उष्ण असते. तिथे कुजण्याचा वेग इंग्लंडच्या सुमारे चौपट निघाला. हा निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाला.

या हिशेबात उष्णता, ओल आणि पीक या तिन्हींना स्थान आहे. उष्णता वाढली की वेग वाढतो. माती कोरडी पडली की वेग पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. जमिनीवर पीक उभे असेल, तर उघड्या जमिनीत जिथे १० भाग जातील, तिथे ६ भाग जातात असे धरतात.

यातून आपल्यासाठी काय निघते? आपल्याकडे हवा उष्ण आहे. पावसाळ्यात ऊब आणि ओल दोन्ही असतात, तेव्हा ठेव झपाट्याने खर्च होते. म्हणून इंग्लंडच्या शेतकऱ्यापेक्षा आपल्याला जमेची बाजू जास्त सांभाळली पाहिजे. आणि आपण काय करतो? उसाचे पाचट पेटवतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या बांधावर जाळतो. जाळले की त्यातला जवळजवळ सारा कर्ब त्याच दुपारी हवेत जातो. पाच ढिगांपैकी एकाही ढिगात जमा होत नाही. राख उरते, तिचा थोडा उपयोग होतो, पण राखेत ह्यूमस नसतो.

"पऱ्हाटीत बोंडअळी राहते, ती जाळू नको तर काय करू?" हेही खरे आहे. उभी पऱ्हाटी शेतात ठेवू नका. ती काढा, बारीक करा, खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवा. पाचट खोडव्याच्या सरीत पसरा. "मजूर मिळत नाही, आणि शेण चुलीला लागतं," असेही माऊल्या सांगतात. चूल पेटलीच पाहिजे, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. पण शेणाच्या चार पाट्यांतली एक पाटी उकिरड्यावर गेली, तरी जमेच्या बाजूला काही पडले. पूर्ण रिकाम्या जमेपेक्षा ते बरे.

तिसरा हिशेब: वाहून जाणाऱ्या मातीचा

आपल्या देशातून दरवर्षी किती माती वाहते, याचा एक अंदाज १९८३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी हेक्टरी सुमारे १६ टन. म्हणजे एकरी साडेसहा टन. आकडा मोठा वाटतो. पण शेतावर सारखी पसरली, तर ही माती सव्वा मिलिमीटर जाडीची होते. भाकरीच्या पापुद्र्याएवढी. ती गेलेली कोणाला दिसणार? तीस वर्षांत मात्र सुमारे दीड इंच जाते. आणि जाते ती वरची माती, जिच्यात ठेव असते.

अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली याचा हिशेब पुस्तकात मांडला. त्यांनी पाच गोष्टी घेतल्या. पावसाचा मार. माती किती लवकर सुटते. उतार किती लांब आणि किती उभा. जमिनीवर आच्छादन किती. आणि बांध-ताली कशा. या पाचांचा ते गुणाकार करतात.

गुणाकाराची खुबी लक्षात घ्या. एक आकडा निम्मा झाला, की उत्तर निम्मे होते. पाऊस आपल्या हाती नाही. पण आच्छादन आणि बांध आपल्या हाती आहेत. उताराला आडवी पेरणी केली, काड जमिनीवर राहू दिले, फुटलेला बांध घातला, की उत्तर खाली येते.

हिशेब चुकतो का?

चुकू शकतो. मातीचा बैल हा काही खरा बैल नव्हे. म्हणून शास्त्रज्ञ हिशेबाचे उत्तर शेतातल्या मोजमापाशी ताडून पाहतात. रॉथॅमस्टेडमध्ये १८४३ पासूनचे मातीचे नमुने जपून ठेवले आहेत. जुना नमुना काढायचा, कर्ब मोजायचा, आणि हिशेब त्याच्याशी जुळतो का ते पाहायचे. जुळला नाही तर हिशेब सुधारायचा. माती खोटी ठरवायची नाही.

शिवाय प्रत्येक हिशेबाला आपली हद्द असते. कर्बाचा हा हिशेब निचऱ्याच्या जमिनीसाठी केला आहे. कोकणातल्या भातखाचरात पाणी साचून राहते, हवा आत जात नाही. तिथे तो जसाच्या तसा चालत नाही.

आपण काय वाचावे?

२०१५ सालापासून सरकारच्या योजनेत शेतकऱ्याला जमीन आरोग्य पत्रिका मिळते. पुष्कळ घरांत ती आढ्याला खोचलेली असते. ती काढा. आता तुम्हांला वाचता येते. तिच्यात "सेंद्रिय कर्ब" हे शब्द शोधा. पुढचा आकडा पाहा. साधारणपणे ०.५० पेक्षा कमी असेल तर कर्ब कमी. ०.५० ते ०.७५ असेल तर मध्यम. त्याहून वर असेल तर चांगला.

आकडा कमी असला तर घाबरू नका, आणि एका वर्षात तो वाढेल अशी आशाही धरू नका. एका एकरातली वरची सहा इंच माती सुमारे ९ लाख किलो भरते. आकडा ०.१० ने वाढवायचा, तर त्या मातीत ९०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. आणि टाकलेल्यातला मोठा भाग तर हवेत जातो. म्हणून काम दरवर्षी, थोडे थोडे, पण न चुकता करावे लागते.

पत्रिका नसेल तर मातीचा नमुना द्या. तो काढताना बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडा. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या. प्रत्येक खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सर्व माती एकत्र मिसळा. सावलीत वाळवा. त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. आत चिठ्ठी टाका. चिठ्ठीवर नाव, गाव आणि गट नंबर तुमच्याच हाताने लिहा.

मातीत टाकलेले उशिरा दिसते. मातीतून काढलेलेही उशिरा दिसते. पीक एका वर्षात पडत नाही, म्हणून आपल्याला वाटते की सारे ठीक आहे. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबले, तर ठेव संपलेली असते. म्हणून हिशेब ठेवायचा. वही नवी नको. पोराच्या जुन्या वहीचे एक पान पुरे. दर तीन वर्षांनी त्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा आणि तारीख लिहा. त्या वर्षी शेतात किती गाड्या खत टाकले, आणि काय जाळले, तेही लिहा. खरे तेच लिहा. ते पान तुमच्या मुलाला सात-बाराइतकेच उपयोगी पडेल.

करून पाहा

१. एक वाळलेले ढेकूळ शेतातून आणा. तेवढेच दुसरे, बांधावरच्या गवताच्या मुळाशी असलेले आणा. दोन काचेच्या पेल्यांत पाणी घ्या. एकेक ढेकूळ हळूच सोडा. कोणते आधी विरघळते? बहुधा शेतातले. गवताखाली मुळे आणि कुजके द्रव्य ढेकूळ धरून ठेवतात.

२. काचेच्या बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा. रात्रभर ठेवा. तळाला वाळू, तिच्यावर पोयटा, त्यावर चिकणमाती असे थर दिसतील. तुमच्या मातीत कोणता थर जाड आहे?

प्रश्न

१. वापसा म्हणजे काय? रांजणाच्या उदाहरणाने सांगा.
२. रांजणात ६० मिलिमीटर पाणी आहे. पीक रोज ४ मिलिमीटर घेते. पाणी किती दिवस पुरेल?
३. जवाच्या शेतात शेणखत किती वर्षे दिले? त्याचा परिणाम कधीपर्यंत दिसला?
४. पाचट जाळले तर कर्ब कोठे जातो? सरीत पसरले तर कोठे जातो?
५. तुमच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा आकडा किती आहे? तो वहीत लिहा.